मार्लीननं न वाचलेलं पान

डेलमर पाव्लिकला वाचता येत नाही, हे एल्डरविकमध्ये त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. शाळेत त्याला अक्षरं एकमेकांवर चढलेली, उलटीसुलटी दिसायची, आणि त्या काळी अल्बर्टा प्रांतातल्या खेड्यात अशा मुलाला मठ्ठ ठरवून मागच्या बाकावर बसवत आणि विसरून जात. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो धान्याच्या कोठारात कामाला लागला आणि एकतीस वर्षं गव्हाची आणि कनोला नावाच्या तेलबियांची धूळ फुप्फुसात भरून घेत राहिला. लग्न झाल्यापासून वाचणं-लिहिणं सगळं मार्लीनकडे. बँकेची पत्रं, औषधांच्या बाटल्यांवरच्या सूचना, हॉकीच्या बातम्या, भाचरांच्या वाढदिवसाची कार्डं. संध्याकाळचं जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती वाचायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. अडतीस वर्षं हे चाललं होतं. गावाला वाटायचं, डेलमर बायकोला सेक्रेटरीसारखं राबवतो. दोघं ते हसून सोडून देत.

त्याची आई पारास्का गावातल्या वृद्धांच्या लॉजमध्ये होती. वय एक्याण्णव, बोलणं अर्धं युक्रेनी, आणि त्यातलं निम्मं शिव्यांचं. कोरोनाच्या त्या हिवाळ्यात लॉजची दारं बंद झाली. नातेवाइकांना आत मज्जाव. तिथली मुख्य नर्स मारिविक ओकाम्पो, मूळची फिलिपिन्सची, गावात येऊन चौदा वर्षं झालेली, रोज दुपारी चारला मार्लीनला फोन करायची. आज बीटचं सूप अर्धी वाटी गेलं, आज केस विंचरून घेतले, आज मला डुक्कर म्हणाल्या, म्हणजे तब्येत बरी आहे. मार्लीन हसायची आणि हे सगळं डेलमरला सांगायची. नर्स आणि ती तशी चर्चमधल्या ओळखीच्या, पण त्या चारच्या फोनांनी दोघी मैत्रिणी झाल्या होत्या.

जानेवारीत साथ लॉजच्या आत शिरली. दहा दिवसांत नऊ माणसं गेली. मग पारास्काला ताप चढला.

शेवटच्या दिवशी डेलमर दुपारपासून लॉजच्या मागच्या बाजूला, आईच्या खिडकीबाहेर उभा होता. बाहेर उणे एकतीस. काचेवर हातमोजा टेकवून तो आतल्या पलंगाकडे बघत होता. आईचं तोंड भिंतीकडे होतं.

चारला घरी फोन वाजला. मारिविक भरभर बोलत होती. तिनं वरच्यांशी भांडून एका माणसाची परवानगी मिळवली होती. झगा, मास्क, चष्मा सगळं ती देणार होती. "त्यांना आता फार वेळ नाही, मार्लीन. डेलमरला पुढच्या दारानं पाठव. मी स्वतः आत घेऊन जाते."

मार्लीनच्या समोर फ्रिजवर डॉक्टरांचा कागद चिकटवलेला होता. शरद ऋतूतच त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की डेलमरच्या फुप्फुसांत आता काही राहिलेलं नाही, त्याला कोरोना झाला तर आशा ठेवू नका. नऊ माणसं गेली होती त्या इमारतीत.

"नको," ती म्हणाली. "तो नाही यायचा."

 मग मारिविकनं विचारलं, "त्याला विचारलंस?"

"विचारलं."

"बरं. मग मी बसते त्यांच्यापाशी."

आणि ती बसली. पारास्का सहाच्या सुमाराला गेली तेव्हा तिचा हात मारिविकच्या हातात होता. डेलमर, मारिविक खोलीत येऊन बसायच्या आधीच, पाय बधिर झाले म्हणून, घरी परतला होता. भुवयांवर बर्फ जमलेलं. खुर्चीत बसून तो म्हणाला, "मला आत घेतलं नाही गं त्यांनी." मार्लीननं खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. सांगेन, तिला वाटलं, जरा सावरला की सांगेन.

साथ ओसरेपर्यंत लॉजमधली अकरा माणसं गेली. तो सावरला नाही. बाहेरून सावरल्यासारखा दिसायचा, दारातलं बर्फ उपसायचा, गॅरेजमध्ये खुडबूड करायचा. पण बोलता बोलता मधेच थांबून म्हणायचा, काचेच्या पलीकडे होती, चार हातांवर. जितके दिवस गेले तितकं मार्लीनला सांगणं अवघड होत गेलं. आज का सांगतेस, काल का नाही, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. उद्या तर अजिबात नसणार होतं.

दोन वर्षं अशी गेली, आणि मग त्याला ट्रेंट होल्मगार्ड सापडला.

होल्मगार्ड हा ट्रॅक्टर विकणाऱ्याचा मुलगा, चाळिशीचा, 'मुक्त प्रेअरी' नावाच्या नव्या पक्षाचा उमेदवार. तो रोज गाडीत बसून व्हिडिओ करायचा. व्हिडिओ वाचावे लागत नाहीत. डेलमरला आयुष्यात पहिल्यांदा जगाची खबर बायकोच्या तोंडून न येता थेट कानात यायला लागली, आणि जे कानात येत होतं ते त्याच्या दुखऱ्या जागेवर बरोबर बसत होतं. तुमच्या आईबापांना कोंडून मारलं. वरून हुकूम होते. प्रत्येक मरणामागे बक्षीस होतं. आणि हे बोलायला कुणी तुम्हाला अडवू शकत नाही, कारण फर्स्ट अमेंडमेंट आहे, बोलायचं स्वातंत्र्य आहे.

डेलमरनं पिकअपच्या मागच्या काचेवर त्या अमेंडमेंटचा स्टिकर लावला, तेव्हा मार्लीन म्हणाली, "हे अमेरिकेच्या घटनेतलं कलम ना रे? आपण कुठे अमेरिकेत राहतो?"

"मग? हक्क काय सीमेवर गाडी थांबवून पासपोर्ट दाखवतात?"

ती हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी त्यानं तिला कॉम्प्युटर उघडायला सांगितलं. त्याला गावाच्या फेसबुक पानावर काही लिहायचं होतं. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. माझी आई पारास्का पाव्लिक. मी काचेबाहेर उभा होतो. मला आत घेतलं नाही. इथपर्यंत तिची बोटं चालली, जड झाली तरी चालली. मग तो म्हणाला, "लिही. मारिविक ओकाम्पोनं माझ्या आईला मारलं. तिनं दार लावून घेतलं आणि अकरा माणसं मरू दिली, आणि प्रत्येकामागे पैसे घेतले."

"पैसे घेतले हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"डेलमर, ती रोज फोन करायची."

"लिही गं. मला लिहिता येत असतं तर मी तुला सांगितलं असतं का?"

हे तो कधी म्हणत नसे. अडतीस वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता. मार्लीननं त्याच्याकडे पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता, रोज ऐकताना बसायचा तसाच. सांगायची हीच वेळ होती हे तिला नंतर कळलं असं नाही. तेव्हाच कळत होतं. तिनं लिहिलं. स्पेलिंग तपासलं आणि पाठवून दिलं.

गावाचं ते पान हार्डवेअरच्या दुकानातली बेव्ह सांभाळायची. तिनं तासाभरात ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी डेलमर दुकानात जाऊन तिच्याशी भांडला, की तू माझा हक्क तुडवलास. बेव्ह खिळे मोजता मोजता म्हणाली, की पान माझं आहे, माझ्या भिंतीवर काय चिकटवायचं ते मी ठरवते, तुझा हक्क सरकारनं मारला तर माझ्याकडे ये, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. डेलमरला यातलं एवढंच ऐकू आलं की बेव्हसुद्धा त्यांना सामील आहे. आठवड्याच्या आत होल्मगार्डनं तो मजकूर आपल्या पानावर टाकला, वर डेलमरचा फोटो, आणि तो हजारो लोकांनी वाचला.

मग मारिविकच्या घरी फोन यायला लागले. कुणी काही बोलायचं नाही, कुणी खूप बोलायचं. तिच्या गॅरेजच्या दारावर लाल रंगानं अकरा रेघा मारलेल्या सापडल्या. ती चर्चला येत राहिली. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर दाराशी मार्लीन आणि ती समोरासमोर आल्या. मारिविक वाट बघितल्यासारखी उभी राहिली. मार्लीननं पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या शोधायला सुरुवात केली. किल्ल्या तिच्या हातातच होत्या. पुढच्या रविवारपासून मारिविक चर्चला यायची थांबली.

जूनमध्ये वकिलाचं पत्र आलं. मार्लीननं ते मोठ्यानं वाचलं. मारिविकला पैसे नको होते. मजकूर काढावा, आणि जिथे लिहिलं तिथेच लिहावं की हे खोटं होतं आणि मला वाईट वाटतं. एवढंच.

डेलमरनं पत्र तिच्या हातून घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "पैशांचं मला नक्की ठाऊक नव्हतं, हे खरं आहे." मार्लीनच्या छातीवरचा दगड हलला. तिला वाटलं, सुटलो. त्या संध्याकाळी तिनं त्याच्या आवडीच्या बटाटा भरलेल्या पेरोगी उकडल्या, वर परतलेला कांदा आणि आंबट साय. तो दोनदा मागून जेवला.

पण शनिवारी ट्रेंट होल्मगार्ड स्वतः दारात उभा राहिला. उरलेल्या पेरोगी त्यानं खाल्ल्या, आपल्या आजीच्या हातची चव आठवली म्हणाला. पत्र त्यानं चाळलं आणि दोन बोटांनी बाजूला सारलं.

"डेलमर, दोस्ता, माफी म्हणजे काय माहीत आहे? ते तुझी जीभ कापून तुझ्याच हातात देतायत. तू एकदा सॉरी म्हणालास की उद्या या प्रांतात कुणी तोंड उघडणार नाही. आमचा वकील तुझ्यामागे आहे."

मार्लीन कॉफी ओतत म्हणाली, "पण ते खरं नसेल तर?"

होल्मगार्डनं तिच्याकडे अगदी सौजन्यानं पाहिलं. "मॅडम, स्वातंत्र्य खऱ्याचंही असतं आणि चुकीचंही. नाहीतर ते स्वातंत्र्य कसलं?"

डेलमरनं मान डोलावली. जुलैत कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या हॉलमध्ये पक्षाची सभा झाली, त्यात त्याला माइक दिला गेला. कागद लागणार नव्हता. आईचं मरण त्याला पाठ होतं. खिडकी, काच, उणे एकतीस. तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मार्लीन तिसऱ्या रांगेत बसली होती. ज्याला सगळ्या शाळेनं मठ्ठ म्हटलं त्याच्यासाठी सगळा हॉल उभा होता, आणि तो गोंधळून, ओल्या डोळ्यांनी, टोपी हातात घेऊन हसत होता. इतका सुखी तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. ते तिच्याच्यानं बघवेना.

खटला उभा राहिला. मारिविकच्या बाजूनं कागदांचा जाडजूड गठ्ठा टपालानं आला. रीतच होती ती, दोन्ही बाजूंना सगळे कागद मिळतात. मार्लीन दोन संध्याकाळी वाचत होती. साठाव्या पानाच्या आसपास लॉजच्या नोंदवहीची प्रत होती, मारिविकच्या गोल अक्षरात: चार वाजून दहा मिनिटं. सुनेला फोन केला. मुलाला आत येण्याची परवानगी असल्याचं सांगितलं. कुटुंबाकडून नकार. रुग्णाजवळ थांबते आहे.

मार्लीननं पान उलटलं आणि पुढचं वाचलं. डेलमरला कळलं नाही. कळणार कसं?

पक्षाच्या वकिलानं मात्र सगळी पानं वाचली होती. त्यानं फोनवर सांगितलं, की हे जिंकता येणार नाही, माफी मागून मोकळं व्हा. डेलमर चिडला. मी मागे हटणार नाही, तो म्हणाला. वकिलानं दोन आठवड्यांनी काम सोडलं आणि पक्षानं दुसरा दिला नाही. तेव्हा डेलमर म्हणाला, मी स्वतःच उभा राहीन, बोलायला मला कुणाची गरज नाही.

शहरातल्या कोर्टात तो लग्नातल्या कोटात उभा राहिला. कोट पोटावर ताणलेला. मारिविक आपल्या वकीलबाईशेजारी बसली होती. वर्षभरात ती आणखी लहानखुरी झाल्यासारखी वाटत होती. न्यायाधीशबाई साठीच्या, शांत आवाजाच्या. डेलमरनं पाठ केलेलं सगळं नीट म्हटलं आणि शेवटी ताठ होऊन म्हणाला, की फर्स्ट अमेंडमेंटप्रमाणे मला बोलण्याचा हक्क आहे.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मिस्टर पाव्लिक," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "ते कलम शेजारच्या देशाचं आहे. आपल्याकडे आपली हक्कांची सनद आहे, आणि तीही तुम्हाला बोलण्याचं स्वातंत्र्य देते. ते सरकारपासून तुमचं रक्षण करतं, आणि त्यालाही वाजवी मर्यादा आहेत. मिसेस ओकाम्पो सरकार नाहीत. त्या एक व्यक्ती आहेत, आणि तुम्ही त्यांना खुनी म्हटलं आहे. ते खरं आहे का, एवढाच आज प्रश्न आहे."

डेलमरची मान मागून लाल होत गेलेली मार्लीनला दिसत होती. मागच्या बाकावरच्या पोराची मान अशीच होत असेल. वकीलबाईंनी मजकुराची प्रत त्याच्यापुढे धरली आणि वाचायला सांगितलं. त्यानं खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला, म्हणाला. तो चष्मा लावतच नसे. मग बाईंनी स्वतः वाचलं आणि विचारलं, हे तुम्हीच लिहिलं का?

"मीच," डेलमर म्हणाला. "सगळं मीच. माझ्या बायकोचा यात काही संबंध नाही."

कुणी विचारलंही नव्हतं.

"तुम्हाला आत घेणार नाहीत, असं तुम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मी काचेबाहेर होतो, बाई. मी तिथे होतो."

वकीलबाईंनी गठ्ठ्यातून एक कागद उपसला. मार्लीनला तो लांबूनही ओळखू आला. तेवढ्यात मारिविकनं त्यांच्या कोपराला हात लावला आणि कानात काही सांगितलं. बाईंनी नापसंतीनं तिच्याकडे पाहिलं. मग कागद परत ठेवला आणि म्हणाल्या, की आणखी प्रश्न नाहीत. मारिविक समोर बघत होती. मार्लीनकडे तिनं वळून पाहिलं नाही.

घरी जाताना दीडशे किलोमीटर मार्लीननं गाडी चालवली आणि दर वळणावर ठरवलं, की पुढच्या गावानंतर सांगू. गावं संपली.

निकाल सात आठवड्यांनी आला. एकवीस पानं. मारिविक तोवर गाव सोडून गेली होती, डोंगरांपलीकडे कामलूप्सला. मार्लीननं पानं छापून आणली आणि जेवणानंतर टेबलाशी बसली. डेलमरनं डोळे मिटले. आपण हरलो हे पहिल्याच पानावर कळलं. त्यावर तो फक्त हुंकारला. ती वाचत राहिली. स्वातंत्र्याचा भाग आला, मर्यादांचा आला. मग तेविसावा परिच्छेद आला. मारिविकनं वकीलबाईंना थांबवलं होतं, पण नोंदवही पुराव्यात होती आणि न्यायाधीशबाईंनी ती वाचली होती.

मार्लीन थांबली. पान उलटायला काही लागत नाही, एवढी सवय तिच्या बोटांना झाली होती. चोविसावा परिच्छेद बाजूलाच होता.

तिनं तेविसावा वाचला.

"प्रतिवादीच्या आईच्या मृत्यूच्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, वादीनं प्रतिवादीच्या पत्नीशी फोनवर बोलून प्रतिवादीला आत येण्याची मुभा देऊ केली होती. ती नाकारण्यात आली."

डेलमरनं डोळे उघडले. "परत वाच."

तिनं परत वाचलं.

"पत्नी म्हणजे तू."

"मी."

"तिनं मला आत बोलावलं होतं."

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"तुझी फुप्फुसं, डेलमर. डॉक्टर म्हणाले होते. मला तू हवा होतास."

"मला विचारायचं होतंस. मी गेलो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

तो टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाकडे बघत राहिला. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "आणि मग तू ते टाइप केलंस," तो म्हणाला. "मी सांगत होतो आणि तू टाइप करत होतीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी हिशेब न लागणाऱ्या माणसासारखा तो बोलत होता. मग उठून त्यानं कोट घातला आणि पोर्चमध्ये जाऊन उभा राहिला. मार्लीन उरलेली पानं हातात घेऊन बसून राहिली.

त्यानंतर त्यानं तिला काही वाचायला सांगितलं नाही. गॅरेजमध्ये बसून चार दिवस तो पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होता, आणि मग तो कागद घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेला. बेव्हनं नंतर मार्लीनला सांगितलं, की तिनं तो तसाच्या तसा फोटो काढून गावाच्या पानावर टाकला. उलटीसुलटी मोठाली अक्षरं: मी खोटं बोललो. नर्स आईजवळ बसली होती. मला माफ कर. डेलमर. त्या दिवशी सगळ्या गावाला कळलं, की डेलमर पाव्लिकला लिहिता येत नाही.

होल्मगार्डनं लगेच व्हिडिओ केला, की कोर्टानं एका म्हाताऱ्याला कसं मोडलं बघा. डेलमर त्याच्या कचेरीत गेला. मला मोडलेलं नाही, तो म्हणाला, पुढच्या सभेत मला दोन मिनिटं माइक द्या, मी खरं काय ते सांगतो. होल्मगार्डनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की दोस्ता, सभा त्यासाठी नसते. तरी डेलमर सभेला गेला, आणि मार्लीन त्याच्यामागून गेली, कारण त्याला दम लागला तर पंप तिच्या पर्समध्ये होता. होल्मगार्ड बोलायचं थांबला तेव्हा डेलमर जागेवर उभा राहिला. "त्या नर्सनं मला आत बोलावलं होतं," तो मोठ्यानं म्हणाला. "चूक आमच्या घरात झाली. माझी झाली." तो पुढे बोलणार होता, पण लोक खाली बस, खाली बस म्हणायला लागले. जुलैच्या सभेत जे उभे राहून टाळ्या वाजवत होते तेच हे लोक होते. कुणीतरी विकला गेला म्हणालं, कुणी तो मठ्ठच होता म्हणालं. माइकवाल्यानं गाणं लावलं. डेलमरला श्वास पुरेना. मार्लीननं त्याला काखेत धरून बाहेर आणलं, तेव्हा त्यानं तिला धरू दिलं, पण पंप घेतल्यावर हात सोडवून घेतला.

होल्मगार्ड चांगल्या मतांनी निवडून आला. पाव्लिकांच्या टपालपेटीवर कुणीतरी काळ्या रंगानं गद्दार लिहिलं. डेलमर पुसेना. मार्लीन फडकं घेऊन निघाली तर म्हणाला, राहू दे, त्यांनाही लिहायचं असेल.

एकाच घरात ती दोघं राहत होती. तो तळघरात झोपायचा. जेवायला वर यायचा, ताट धुऊन ठेवायचा, आभार मानायचा.

मे महिन्यात डोंगरातले रस्ते मोकळे झाल्यावर मार्लीननं गाडी काढली आणि नऊ तास एकटीनं चालवून कामलूप्सला गेली. मारिविक तिथल्या एका दवाखान्यात लागली होती. दुपारच्या सुट्टीत ती पार्किंगमध्ये आली, गणवेशावर स्वेटर घालून, हातात डबा. तिनं मार्लीनला ओळखलं आणि गाडीपासून जरा अंतरावर थांबली.

मार्लीननं वाटेत खूप जुळवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, की मी सांगायला हवं होतं.

"डेलमरचा कागद मी पाहिला," मारिविक म्हणाली. "बेव्हनं पाठवला. त्याचं मला काही नाही आता. त्याची आई गेली होती, आणि त्याला माहीत नव्हतं." ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती. "तुला माहीत होतं. मी प्रत्येक रविवारी चर्चला यायची ती तुझ्यासाठी. मला वाटायचं, आज ती बोलेल. चार माणसांत नाही, नुसतं मला म्हणाली असतीस तरी चाललं असतं. मी खटला घातला नसता."

"कोर्टात तू त्यांना थांबवलंस."

"डेलमरसाठी. सगळ्यांसमोर कळायला नको होतं त्याला."

मार्लीन रडायला लागली. मारिविक जवळ आली नाही, पण गेलीही नाही. तिची सुट्टी संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग घड्याळ बघून म्हणाली, की माझे पेशंट वाट बघतायत, गाडी सावकाश चालव, वरच्या घाटात अजून बर्फ आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्लीन घरी पोचली. डेलमर स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. त्यानं वर न बघता विचारलं, "भेटली?"

"भेटली."

"काय म्हणाली?"

मार्लीननं कोट न काढताच खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, मारिविक जसं बोलली तसं, स्वतःबद्दलचं काही न गाळता. डेलमर ऐकत होता. चाकू थांबला होता. तिचं सांगून झालं तेव्हा त्यानं उरलेले दोन बटाटे सोलले, भांड्यात टाकले, भांडं शेगडीवर ठेवलं आणि ज्योत बारीक केली.

"वीस मिनिटांनी बघ," तो म्हणाला, आणि जिना उतरून खाली गेला.